मोरायची वर्तुळे आणि मारासची मिठागरे

पेरू म्हटले की माचू पिक्चू, हे समीकरण आता भारतीय प्रवाशांच्याही मनात पक्के बसले आहे. मुंबईहून युरोप किंवा अमेरिकेमार्गे लिमा, लिमाहून सव्वा तासाच्या विमानप्रवासाने कुस्को आणि तेथून पुढे रेल्वेने माचू पिक्चू, असा सरधोपट मार्ग बहुतेक प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत आढळतो. कुस्कोतील मुक्काम त्यात बहुधा विरळ हवेची सवय व्हावी एवढ्यासाठीच राखलेला असतो. त्या राखीव दिवसांतील सकाळपासून दुपारपर्यंतचे सहा-सात तास मोकळे काढता आले, तर इंका संस्कृतीची एक निराळी बाजू पाहावयास मिळते. राजवाडे, मंदिरे आणि सुवर्ण यांचा थाट या बाजूला फारसा नाही. माती, पाणी, पीक आणि मीठ यांचा रोकडा हिशेब मात्र पुरेपूर आहे.

कुस्कोच्या ‘प्लासा दे आर्मास’ या मुख्य चौकाभोवतालच्या गल्ल्यांतून ‘मारास-मोराय’ या जोडनावाची सहल विकणारी दुकाने जागोजागी दिसतात. सकाळी लहान बसगाडी निघते, बरोबर स्पॅनिश व इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक असतो आणि चिंचेरो, मोराय व मारास ही तीन स्थळे दाखवून दुपारी तीन-चारच्या सुमारास प्रवाशांना परत आणले जाते. काही सहली परत न येता पुढे उरुबांबा आणि ओयांतायतांबो येथे जातात. माचू पिक्चूची गाडी ओयांतायतांबोहून पकडायची असेल तर हा पर्याय सोयीचा ठरतो.

कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्याकडील लेहच्या जवळपास. लेहला विमानाने उतरणाऱ्याला पहिले दोन दिवस जे सांगितले जाते तेच येथेही लागू आहे: घाई करू नये, पाणी भरपूर प्यावे, जिना चढताना दम लागला तर थांबावे. विरळ हवेच्या त्रासाला येथे ‘सोरोचे’ म्हणतात आणि त्यावर उतारा म्हणून हॉटेलांत कोकाच्या पानांचा काढा ठेवलेला असतो. कोकाची पाने पेरूत राजरोस मिळतात. भारतासह बहुतेक देशांत ती बाळगणे गुन्हा आहे, हे परतीची बॅग भरताना विसरू नये.

चिंचेरो : जळालेला वाडा आणि विणणारे हात

कुस्कोहून वायव्येस निघालेला रस्ता चढत चढत एका विस्तीर्ण पठारावर येतो. बटाट्याची व बार्लीची शेते, निलगिरीच्या रांगा आणि क्षितिजावर चिकोन, वेरोनिका ही हिमशिखरे असे येथील दृश्य आहे. सुमारे तीस किलोमीटरवर चिंचेरो लागते. त्याची उंची कुस्कोहूनही अधिक, ३,७५० मीटरच्या पुढे आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुपाक इंका युपांकी या सम्राटाने येथे आपला वाडा बांधला. पुढे स्पॅनिशांशी लढताना मागे हटणाऱ्या मांको इंकाने, शत्रूच्या हाती रसद लागू नये म्हणून, तो जाळला असे मानले जाते. उरलेल्या भिंतींवर स्पॅनिशांनी सतराव्या शतकाच्या आरंभी चर्च उभारले. घट्ट बसवलेल्या इंका दगडांच्या पायावर पांढऱ्या चुन्याच्या भिंती आणि आत रंगवलेले लाकडी छत, अशी ही दोन राजवटींची एकावर एक चढवलेली इमारत आहे. चौकाच्या कडेच्या भिंतीत वर निमुळते होत जाणारे मोठे कोनाडे आहेत. इंका बांधकामाची ती ठसठशीत खूण होय.

चर्चच्या दर्शनी भागातील एक जीर्ण भित्तिचित्र बहुतेक मार्गदर्शक ओझरते दाखवून पुढे जातात, पण तेथे थोडे थांबणे सार्थकी लागते. पुमा सर्पावर मात करतो आहे, असा त्याचा विषय आहे. केचुआ भाषेत ‘अमारू’ म्हणजे सर्प. १७८०-८१ मध्ये तुपाक अमारू दुसरा याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध मोठा उठाव केला, तेव्हा चिंचेरोचा इंकावंशीय सरदार मातेओ पुमाकावा स्पॅनिशांच्या बाजूने लढला. त्या विजयाचे हे चित्र. याच पुमाकावाने १८१४ साली, उतारवयात, स्वतः स्पॅनिशांविरुद्ध शस्त्र उचलले आणि १८१५ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. एका भिंतीवर मावलेला हा इतिहास ‘शूर देशी विरुद्ध दुष्ट परके’ अशा सोप्या मांडणीत बसत नाही, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

चिंचेरोचे दुसरे वैशिष्ट्य विणकाम. गावातील स्त्रिया अंगणात बसून लोकर धुण्यापासून कापड विणण्यापर्यंतची सारी क्रिया करून दाखवतात. ‘साक्ता’ या कंदाचा कीस पाण्यात घुसळला की साबणासारखा फेस येतो. त्यात लोकर स्वच्छ होते. निवडुंगावर वाढणारे कोचिनील हे किडे चिरडले की गडद किरमिजी रंग मिळतो आणि लिंबाच्या रसाचे किंवा मिठाचे प्रमाण बदलून त्याच्या निरनिराळ्या छटा काढता येतात. मागाचे एक टोक खुंट्याला व दुसरे विणणारीच्या कमरेला बांधलेले असते, त्यामुळे ताण शरीराने सांभाळावा लागतो. ही कला बाजाराच्या रेट्यात विरून जाऊ नये म्हणून चिंचेरोच्याच निल्दा कायान्याउपा यांनी १९९६ साली कुस्कोच्या पारंपरिक वस्त्रकलेचे केंद्र स्थापन केले. सहलीत दाखवले जाणारे प्रात्यक्षिक अर्थातच विक्रीसाठी असते. परंतु हाताने विणलेल्या वस्त्राला महिना-महिना लागतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर भाव करणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

मोराय : जमिनीत उतरणारी शेती

चिंचेरोहून पुढे मारासच्या फाट्याला वळून गाडी मोरायला येते. कुस्कोपासून हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. सपाट माळावरून चालत असताना पायांखालची जमीन अचानक खचल्यासारखी दिसते आणि एकात एक बसवलेली दगडी वर्तुळे खोलवर उतरत जातात. एखाद्या अवाढव्य बारवेतील पाणी आटून फक्त पायऱ्या उरल्या असाव्यात, असे मराठी माणसाला वाटल्यास नवल नाही. मात्र या पायऱ्या नव्हेत. प्रत्येक टप्पा म्हणजे भिंतीने तोलून धरलेले एक अरुंद, वळणदार शेत आहे. मुख्य खळगा सुमारे ३० मीटर खोल असून आजूबाजूला त्याचीच लहान भावंडे आहेत. केचुआ भाषेत त्यांना ‘मुयू’, म्हणजे वर्तुळ, म्हणतात.

हे खळगे माणसाने खणलेले नाहीत. येथील चुनखडीचा थर पाण्याने झिजून जमीन खाली बसली आणि नैसर्गिक द्रोण तयार झाले. इंकांनी त्यांना आकार दिला. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी भिंतीतून बाहेर काढलेले दगड तिरप्या ओळीत बसवले आहेत. त्यांच्यावर पाय देत उतरता येते आणि जिन्यासाठी शेताची वीतभर जागाही वाया जात नाही. उंचावरील झऱ्यांचे पाणी पाटांनी आणून टप्प्याटप्प्याने खाली सोडले जाई. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे पावसाळ्यातही तळाशी पाणी साचत नाही. भिंतीमागील दगडगोट्यांची भर आणि तळाचा सच्छिद्र खडक यांमुळे ते मुरून जाते. पाण्याच्या निचऱ्याचा विचार न करता बांधलेल्या आधुनिक रस्त्यांची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे अवश्य पाहावे.

बाहेरच्या जगाला मोरायची ओळख झाली ती शिपी आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांच्या १९३१ सालच्या हवाई छायाचित्रण मोहिमेमुळे. पुष्कळ पुस्तकांत ‘शोध लागला’ असा शब्द येतो. आसपासच्या गावांतील शेतकरी त्याआधीही त्या टप्प्यांवर नांगर धरीत होते, तेव्हा ‘शोध’ हा शब्द विमानात बसलेल्यांच्या दृष्टीने घ्यावा.

हे सारे कशासाठी? इंकांकडे लिपी नव्हती. ‘किपू’ या गाठींच्या दोऱ्यांत ते हिशेब ठेवीत, पण मोरायविषयी कोणताही किपू काही बोलत नाही. मार्गदर्शक ठामपणे सांगतात की ही इंकांची कृषिप्रयोगशाळा होती. वरच्या आणि खालच्या टप्प्यांच्या तापमानात १५ अंशांपर्यंत फरक असतो आणि त्यामुळे एकाच ठिकाणी अनेक हवामानांतील पिके लावून पाहता येत. या मताला बळकटी आणली ती जॉन अर्ल्स या मानववंशशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात येथील मातीचे तापमान मोजून. टप्प्यागणिक ऊन, सावली, वारा व ओल बदलते आणि मातीची ऊबही बदलते, एवढे निश्चित. त्यावरून ‘प्रयोगशाळा’ हा निष्कर्ष काढणे मात्र सर्व अभ्यासकांना मान्य नाही. काहींच्या मते हे धार्मिक विधींचे स्थान असावे, तर काहींच्या मते दोन्ही. शेती आणि पूजा यांत इंका काटेकोर भेद करीत नसत, हे लक्षात घेता तिसरे मत अधिक पटण्याजोगे आहे.

प्रयोग येथे झाले असोत वा नसोत, अँडीजच्या या पट्ट्यात शेतकऱ्यांनी हजारो वर्षे जे प्रयोग केले त्यांचे फळ महाराष्ट्रातही रोज खाल्ले जाते. बटाटा मूळचा अँडीजचा. केचुआत त्याला ‘पापा’ म्हणतात. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांनी आणला, तोही त्यांनी कॅरिबियन बेटांवरील रताळ्याच्या नावावरून उचललेला. बटाट्याच्या वाणांचे जतन करणारे आंतरराष्ट्रीय केंद्र १९७१ पासून लिमात आहे आणि त्याच्या संग्रहात हजारो वाण आहेत. येथील बाजारात मिळणारा ‘किविचा’ हा आपल्या राजगिऱ्याचा सख्खा भाऊबंद. आषाढी एकादशीच्या ताटातील बटाटा आणि राजगिरा या दोहोंचे गोत्र अटलांटिकपलीकडचे आहे, हे मोरायच्या काठावर उभे असताना आठवते.

पर्यटकांना टप्प्यांवर उतरू दिले जात नाही. काठावरील वाटेने फेरी मारावी लागते. त्याला कारण आहे. २०१० च्या अतिवृष्टीत मुख्य वर्तुळाच्या भिंतींचा काही भाग ढासळला आणि त्याची दुरुस्ती करावी लागली. शतकानुशतके पाणी जिरवणारी रचनाही एका मर्यादेपर्यंतच साथ देते.

मारास : डोंगराच्या पोटातील समुद्र

मोरायहून परतताना मारास गाव लागते. मातीच्या विटांची ठेंगणी घरे आणि त्यांच्या दारांवर मात्र कोरीव दगडी चौकटी, त्यांवर मानचिन्हे व जुनी सालेही, असा विरोधाभास येथे दिसतो. स्पॅनिश अमदानीत मारास हे खेचरांचे तांडे चालवणाऱ्यांचे गाव होते. मीठ आणि धान्य लादून ते दूरवर व्यापार करीत. त्या समृद्धीच्या या चौकटी साक्षीदार आहेत. बसगाड्या बहुधा येथे थांबत नाहीत. मार्गदर्शकाला विनंती करून दहा मिनिटे मिळवली तर ती वाया जाणार नाहीत.

गावापासून काही किलोमीटरवर रस्ता एका अरुंद घळीत उतरू लागतो आणि एका वळणावर खाली पांढऱ्या, गुलाबी, तपकिरी चौकटींची गोधडी पसरलेली दिसते. हीच मारासची मिठागरे. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक असे तीन हजारांहून अधिक वाफे आहेत. एकेक वाफा जेमतेम एका खोलीएवढा, पाच चौरस मीटरच्या आसपास आणि वीत-दीड वीत खोल. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आणि तीन किलोमीटरांहून अधिक खाली आहे.

तरीही हे मीठ समुद्राचेच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी या भागात उथळ समुद्र होता. तो आटताना मिठाचे जाड थर मागे राहिले आणि पुढे अँडीज पर्वत उचलला गेला तेव्हा तेही वर आले. डोंगराच्या पोटात मुरणारे पाणी या थरांतून वाट काढते आणि ‘कोरिपुहियो’ नावाच्या झऱ्यातून किंचित कोमट व अतिशय खारट होऊन बाहेर पडते. झरा म्हणजे हातभर रुंदीचा ओहोळ. पण तो बारमाही आहे आणि साऱ्या वाफ्यांचा संसार त्याच्यावर चालतो.

मिठाच्या उगमाची स्थानिक कथा वेगळी आहे. इंकांच्या पुराणकथेत चार भाऊ आणि चार बहिणी गुहेतून बाहेर पडून राज्य वसवायला निघतात. त्यांपैकी एकाचे नाव आयार काची, तर दुसऱ्याचे आयार उचू. केचुआत ‘काची’ म्हणजे मीठ आणि ‘उचू’ म्हणजे मिरची. आयार काची इतका बलदंड होता, की त्याच्या गोफणीच्या दगडाने डोंगर फुटून दऱ्या पडत. भावांना त्याचे भय वाटू लागले आणि त्यांनी त्याला कपटाने गुहेत कोंडले. आत अडकलेल्या काचीचे अश्रू अजून वाहतात, तेच हे खारे पाणी, असे मारासचे लोक सांगतात.

मीठ पिकवण्याची पद्धत कोकणच्या मिठागरांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना चटकन समजेल, फरक एवढाच की येथे भरती-ओहोटीऐवजी उतार कामाला येतो. झऱ्याचे पाणी एका मुख्य पाटातून निघून बारीक बारीक पाटांत विभागले जाते. वाफ्याच्या तोंडाशी असलेली खाच दगड-मातीने बंद करायची किंवा उघडायची, एवढेच साधन. वाफा भरला की तोंड बंद. उन्हाने आणि कोरड्या वाऱ्याने पाणी उडून जाते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा थोडे पाणी सोडायचे. असे महिनाभर चालले की तळाशी सुमारे दहा सेंटिमीटरचा थर जमतो. मग लाकडी धुमसाने तो फोडून, खरवडून, टोपल्यांत व गोण्यांत भरून वर न्यायचा. वरचा थर सर्वांत शुभ्र व नाजूक, तो जेवणाच्या मेजावर जातो. मधला गुलाबीसर. तळाच्या थरात माती अधिक, तो जनावरांसाठी, पाय शेकण्यासाठी किंवा कारखान्यांत. गोणी पाठीवर घेऊन वाफ्यांच्या वीतभर बांधावरून चढणारा माणूस दुरून पाहताना चित्रासारखा वाटतो. जवळून पाहिले तर त्याच्या टाचांना मिठाने पडलेल्या भेगा दिसतात.

हे काम मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांचे. पाऊस सुरू झाला की वाफे गढूळ होतात आणि मीठ धरत नाही. त्यानंतर पुन्हा उन्हाळी हंगामापूर्वी बांध लिंपणे, तळ चोपणे, पाट साफ करणे ही कामे करावी लागतात. एका वाफ्याची हयगय झाली तर गळती खालच्या वाफ्यांना बाधते, म्हणून देखभाल ही ज्याची त्याची खासगी बाब राहत नाही. इंकांच्याही आधीपासून येथे मीठ निघत असावे, असे मानले जाते. आज मारास आणि दरीच्या तोंडाशी असलेल्या पिचिंगोतो या गावांतील काही शे कुटुंबांकडे हे वाफे आहेत. ते वारशाने येतात. ज्याला नव्याने वाफा हवा असेल त्याने गावाचा सदस्य असले पाहिजे आणि समूहाच्या रीतीप्रमाणे वाफा राखण्याची तयारी दाखवली पाहिजे. झऱ्याजवळचे वाफे जुन्या घराण्यांचे, दूरचे नंतर आलेल्यांचे, अशी साधारण वाटणी आहे. मीठ एकत्र विकण्यासाठी या कुटुंबांची स्वतःची कंपनी आहे.

मिठाचा आणि राज्यसत्तेचा संबंध येथेही कडूच राहिला. १८९६ साली पेरूच्या सरकारने मिठावर कर बसवला. चिलीबरोबरच्या युद्धात हातून गेलेले ताक्ना आणि आरिका हे प्रांत सोडवण्यासाठी पैसा उभा करावयाचा होता. त्याच वर्षी मारासपासून दूर, आयाकुचो भागातील वांता येथे केचुआ शेतकऱ्यांनी उठाव केला. तो सैन्य पाठवून चिरडण्यात आला. मिठावरील कर गरिबाच्या ताटात थेट हात घालतो, हे १९३० मध्ये वडाळा आणि शिरोडा येथे सत्याग्रह करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागले नसते.

गुलाबी मिठाचा बाजार

गेल्या दोन दशकांत पेरूच्या खाद्यसंस्कृतीचा जगभर बोलबाला झाला आणि मारासच्या मिठाचे नशीब पालटले. देशोदेशींच्या नामांकित उपाहारगृहांतून ते मिरवू लागले. लिमातील प्रसिद्ध आचारी विर्हिलियो मार्तिनेस यांनी २०१८ मध्ये मोरायच्या काठावरच ‘मिल’ नावाचे उपाहारगृह सुरू केले. मिठागरापाशी दुकानांच्या रांगा आहेत. साधे मीठ, औषधी वनस्पती मिसळलेले मीठ, धुरावलेले मीठ, मिठाचे चॉकलेट, आंघोळीचे मीठ असे नाना प्रकार तेथे मिळतात.

विक्रेते सांगतात त्या औषधी गुणांविषयी मात्र थोडी सावधगिरी बरी. मिठाचा गुलाबी रंग लोह आणि मातीच्या अंशामुळे येतो आणि ते अंश चिमूटभर मिठातून शरीराला मिळतात ते नगण्य. उलट अँडीजच्या पर्वतांत आहारातील आयोडिनच्या अभावामुळे गलगंड एकेकाळी सर्रास आढळे. म्हणूनच पेरूत खाण्याच्या मिठात आयोडीन मिसळणे बंधनकारक करण्यात आले. ‘नैसर्गिक म्हणून अधिक चांगले’ हा दावा या एका बाबतीत तरी उलटा पडतो. घरी वापरायला नेणाऱ्यांनी पाकिटावर आयोडीनयुक्त असा उल्लेख आहे काय, ते पाहून घ्यावे. आपल्याकडील सैंधवाशीही याची गल्लत करू नये. सैंधव खाणीतून खडकासारखे फोडून काढतात, हे झऱ्याच्या पाण्यापासून वाफ्यात तयार होते.

पर्यटनाने पैसा आणला आणि त्याबरोबर पायही आणले. पूर्वी प्रवाशांना थेट वाफ्यांच्या बांधांवरून फिरता येई. बुटांची धूळ, पाण्यात बुडवलेले हात, फेकलेला कचरा यांमुळे खाण्याचे मीठ मळू लागले, तेव्हा २०१९ च्या जूनपासून वाफ्यांच्या मध्ये जाण्यास बंदी करण्यात आली. आता कडेच्या वाटेवरून आणि सज्जांवरूनच पाहावे लागते. जुन्या छायाचित्रांवरून अपेक्षा बांधून आलेले प्रवासी यावर नाराजी व्यक्त करतात. परंतु हे संग्रहालय नव्हे, कोणाची तरी चालती शेती आहे. आपल्या भाताच्या खाचरातून रोज हजार परक्यांनी बूट घालून जावे, हे कोणताही शेतकरी सहन करणार नाही. माळावरून चारचाकी मोटारसायकली धुरळा उडवीत मिठागराकडे नेणाऱ्या सहलीही विकल्या जातात. त्या टाळल्या तर कोणाचेच काही बिघडत नाही.

याहून मोठा प्रश्न चिंचेरोच्या पठारावर उभा आहे. कुस्कोचा सध्याचा विमानतळ शहराच्या मध्यात, डोंगरांच्या कवेत आहे आणि तेथे मोठी विमाने उतरणे अवघड आहे. म्हणून चिंचेरो येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधण्याची योजना कित्येक दशके चर्चेत होती. त्यासाठी २०१३ मध्ये स्थानिक समाजांच्या जमिनी घेण्यात आल्या आणि २०१९ मध्ये माती हलवण्याचे काम सुरू होताच जगभरातील पुरातत्त्वज्ञ व इतिहासकारांनी पेरूच्या राष्ट्राध्यक्षांना निवेदन पाठवून ते थांबवण्याची विनंती केली. इंकांच्या टप्प्यांवरून आणि वाटांवरून विमाने घरघरत जातील हा एक आक्षेप. कुस्कोला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या पिउराय तलावाच्या पाणलोटावर ताण पडेल, हा दुसरा. जागतिक स्मारक निधी या संस्थेने २०२० च्या आपल्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत या संपूर्ण दरीचा समावेश केला. काम त्यानंतरही पुढे गेले. चिंचेरोतील सर्वच लोक विरोधात आहेत, असे मात्र नाही. जमिनीचा मोबदला मिळालेल्यांना आणि मुलांना गावातच नोकरी मिळेल अशी आशा असलेल्यांना विमानतळ हवा आहे. सहलीच्या बसमधून जाताना रस्त्याच्या कडेला नवी सिमेंटची हॉटेले दिसतात, ती याच आशेवर उभी राहिली आहेत. दरीचे शांत सौंदर्य टिकावे, ही इच्छा चार दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाला बाळगणे सोपे असते.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

चिंचेरो आणि मोराय येथे प्रवेशासाठी कुस्को भागातील स्थळांचे एकत्रित ‘बोलेतो तुरिस्तिको’ हे तिकीट लागते. सर्व स्थळांचे तिकीट दहा दिवस चालते. केवळ दरीतील स्थळांसाठी कमी दिवसांचे, स्वस्त तिकीटही मिळते. मिठागराचा त्यात समावेश नाही. तेथे स्वतंत्र शुल्क रोख भरावे लागते, तेव्हा सुटे सोल जवळ असावेत. सहल ठरवताना सांगितलेल्या रकमेत ही तिकिटे धरली आहेत की नाहीत, हे आधीच विचारून घ्यावे. स्वस्त दिसणाऱ्या सहलींत ती सहसा धरलेली नसतात.

उन्हापासून बचाव आवश्यक आहे. हवा गार असली तरी या उंचीवर ऊन भाजून काढते आणि मिठाच्या पांढऱ्या पृष्ठभागावरून ते परतूनही येते. टोपी, काळा चष्मा, अंगभर कपडे आणि पावसाळ्यात रेनकोट बरोबर घ्यावा. मोरायच्या काठावरील फेरी आणि मिठागरातील चढउतार फार मोठे नाहीत, पण विरळ हवेत गुडघे दुखणाऱ्यांना ते जाणवतात. कुस्कोत उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ही सहल करण्यापेक्षा एक दिवस विश्रांती घेतलेली बरी. उरुबांबाची दरी कुस्कोहून सुमारे पाचशे मीटर खाली असल्याने अनेक जाणकार विमानतळावरून थेट दरीत मुक्कामाला जाण्याचा आणि ही सहल तेथूनच करण्याचा सल्ला देतात.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. टपोऱ्या दाण्यांचे उकडलेले कणीस आणि ताज्या चीजचा तुकडा हा रस्त्याकडेचा नेहमीचा खाऊ. किनोआचे सार, निरनिराळे बटाटे आणि मोठी पावटी जवळपास सर्वत्र मिळतात. सार मात्र कोंबडीच्या किंवा मटणाच्या पाण्यात केलेले असू शकते. ‘सिन कार्ने’ एवढे म्हणून भागत नाही, नीट विचारावे लागते. काही ठिकाणी सळईवर भाजलेला ‘कुय’ म्हणजे गिनीपिग दिसेल. अँडीजमध्ये ते सणासुदीचे पक्वान्न आहे.

महिना कोणता निवडावा, हे काय पाहायचे त्यावर अवलंबून आहे. मे ते सप्टेंबर या काळात मिठागरे पांढरीशुभ्र असतात, माणसे वाफ्यांत काम करताना दिसतात आणि हिमशिखरे स्वच्छ दिसतात. मोरायची वर्तुळे मात्र तेव्हा वाळक्या गवताने पिवळी पडलेली असतात. जानेवारी-फेब्रुवारीत मोराय हिरवेगार होते, पण मिठागरांतील पाणी चहासारखे तपकिरी दिसते. एप्रिलच्या अखेरीस पाऊस ओसरलेला असतो, टप्प्यांवर हिरवळ टिकून असते आणि मारासच्या वाफ्यांत पुढच्या हंगामासाठी तळ चोपण्याचे काम सुरू झालेले असते.